सेकंदाला आठ वेळा

मल्लेश्वरम, बेंगळुरू
२ फेब्रुवारी २०२५, रविवार

मनस्विनी जयसिंगराव मोहिते,

पूर्ण नावाने संबोधल्याचा राग मानू नयेस. लग्नानंतर तू माझे आडनाव लावले नाहीस, आणि तुझ्या नावाआधीचे 'डॉक्टर' मला घरात कधी उच्चारता आले नाही. तेव्हा पत्राच्या आरंभी काय लिहावे, याचा निर्णय होत नव्हता. दाखल्यावर जे नाव आहे, तेच लिहिले.

पत्र टंकलिखित आहे. मजकूर सुवाच्य असावा, एवढाच त्यामागील हेतू आहे.

तू गेलीस त्याला आज चोवीस दिवस झाले. तेराव्यापर्यंतचे सर्व विधी तुझ्या माहेरच्या पद्धतीने, रक्षिताच्या देखरेखीखाली पार पडले. तुझी भाची ज्या आवाजात गुरुजींना सूचना देत होती, तो थेट तुझा होता. ती आणि तिचा नवरा अद्वैत चार दिवस राहून कोरमंगलाला परतले. घर व्यवस्थित आहे.

तुझ्या महाविद्यालयाचे पत्र आले. निवृत्तीनंतर तळघरातील ती खोली तुला सौजन्य म्हणून दिलेली होती, हे त्यांनी दोन वेळा नमूद केले आहे. मार्चअखेर ती रिकामी करून किल्ल्या कार्यालयात जमा कराव्यात, अशी विनंती आहे. त्यांची भाषा सभ्य आहे आणि मागणी वाजवी आहे. मी होकार कळवला.

काल, तू गेल्यानंतर प्रथमच, तेथे गेलो. प्रयोगशाळेचे सहायक गिरीराज दाराशी उभे होते. त्यांनी दोन किल्ल्या, तुझा चष्मा आणि हिरव्या पुठ्ठ्याची वही एका कापडी पिशवीत घालून माझ्या स्वाधीन केली. वही मी उघडलेली नाही. ती तुझी आहे.

मासे सुखरूप आहेत. डावीकडच्या टाकीत आंधळे बारा, उजवीकडच्या टाकीत डोळस बारा. गेले तीन आठवडे गिरीराज त्यांना खाणे घालत आहेत, आणि रोज सायंकाळी साडेपाचला तुझी मोजणीही करत आहेत. नोंदीत खंड पडलेला मॅडमना चालत नाही, असे त्यांनी मला वर्तमानकाळात सांगितले. मी दुरुस्ती केली नाही.

यापुढे मी रोज साडेपाचला जाईन. पूर्वी तुला घ्यायला येत असे, तीच वेळ. मध्यंतरी काही महिने माझे येणे जमले नाही. त्याविषयी येथे लिहिण्याची आवश्यकता नाही.

उल्हास

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

मनस्विनी,

माशांची सोय हा आता एकमेव प्रश्न उरला आहे. पुस्तके ग्रंथालयाने घेतली. टाक्या कोणीही घेईल. चोवीस मासे, आणि त्यांतही बारा डोळे नसलेले, घेण्यास कोणी तयार नाही.

कार्यालयातून तोंडी सूचना आली की ते सँकी टँकमध्ये सोडून द्यावेत. ती गिरीराज यांच्यामार्फत आली.

"ऑफिसात म्हणतात सर, तळ्यात सोडून टाका, पुण्य लागेल."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, मॅडम वर आहेत. खाली उतरून विचारतील."

परक्या देशाचा मासा येथल्या पाण्यात सोडू नये, असा तुझ्या अक्षरातला कागद दारामागे चिकटवलेला आहे. त्याखाली तू कन्नडमध्येही तेच लिहिले आहेस आणि दोनदा अधोरेखित केले आहेस. सूचना मी लेखी नाकारली.

गिरीराज यांनी मला तुझे शास्त्र त्यांच्या परीने समजावले. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते. त्या रेघेत सूक्ष्म केस, केसांवर चिकट टोप्या. पाणी हलले की टोपी कलते आणि माशाला कळते की कोणीतरी आहे, कोठे आहे, किती मोठे आहे. काही टोप्या उघड्यावर असतात, त्यांना वाहते पाणी कळते. काही कातडीखालच्या नळ्यांत दडलेल्या असतात, त्यांना अचानक बसलेला धक्का कळतो. ते म्हणाले, "आपण अंधारात हात पुढे करून चालतो ना सर, तसं नाही. त्यांचं सगळं अंगच हात." हे तू मला जेवताना अनेक वेळा सांगितले असणार. मी ऐकत असे. मात्र बहुधा आमटीकडे पाहत.

आणखी एक गोष्ट कळवण्यात मला समाधान वाटते. ज्या छोट्या मोटरला तू काचेची कांडी टांगली आहेस, ती सदोष होती. चालू केली की कांडी डोळ्यांना दिसेल इतकी थरथरे. तपासले तेव्हा आढळले की मोटरच्या दांड्यावर एका बाजूला वजन बसवले आहे आणि दुसरी बाजू मोकळी आहे. कारखान्यात शिकाऊ मुलाने असा दांडा पुढे पाठवला असता तर मी तो परत केला असता. छत्तीस वर्षे मी फिरत्या भागांचा तोल सांभाळला. कंप म्हणजे दोष, हे मी तीन पिढ्यांच्या कारागिरांना शिकवले.

शनिवारी गिरीराज लवकर घरी गेले होते. मी पितळेची एक चकती कापून, कानशीने घासून, विरुद्ध बाजूला बसवली. काम सोपे होते. थोडा वेळ लागला. मोटर आता निर्धास्त फिरते. कांडी पाण्यात अशी उभी राहते की जणू ती भिंतीत गाडली आहे. पंपांच्या खालीही रबर घातले आहे. खोली प्रथमच निःशब्द झाली.

तुला आवडले असते असे वाटते.

उल्हास

२५ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

मनस्विनी,

माझ्याकडून एक चूक झाली आहे. ती लपवणे योग्य होणार नाही.

गेले दोन आठवडे आंधळे मासे कांडीजवळ येत नव्हते. पूर्वी बारापैकी नऊ-दहा येत, ते एकावर आले, नंतर शून्यावर. खात होते, पोहत होते. कांडीकडे मात्र फिरकत नव्हते. गिरीराज रोज मोजत, आकडा लिहीत आणि माझ्याकडे न पाहता पेन ठेवत.

एके दिवशी ते म्हणाले, "सर, त्यांना कळलंय."

"काय कळले आहे?"

"मॅडम नाहीत ते. पाण्याला कळतं."

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही, हे तू जाणतेस. तरी तीन दिवस मी त्यावर विश्वास ठेवला. घरी येऊन एक-दोन वेळा स्वयंपाकघरातला दिवा लावला नाही.

अखेर मुग्धाला फोन केला. तुझ्या शेवटच्या तुकडीतली, नागपूरची. ती आता इलेक्ट्रॉनिक सिटीकडच्या एका खासगी विद्यापीठात शिकवते. मी तिला पाण्याचे तापमान, आम्लता, खाण्याचे प्रमाण, सर्व क्रमाने सांगितले. तिने ऐकून घेतले.

"काका, एक सांगा, कांडी हलून राहिली आहे न?"

"नाही. आता ती अजिबात हलत नाही."

"अजिबात?"

"मोटर मी संतुलित केली आहे."

मग ती हसू लागली. पुढे ते हसणे थांबले, आणि नाक पुसल्याचा आवाज आला. ती म्हणाली की ते वजन तू मुद्दाम एका बाजूला बसवले होतेस, सेकंदाला पस्तीस कंप यावेत म्हणून. आणि ते नेमके साधायला तुला एक पावसाळा लागला होता. हे मासे मेक्सिकोतल्या गुहांतले. तेथे उजेड नाही, अन्न थोडे. पाण्यात काही थरथरले तर बहुधा ते पडलेले, धडपडणारे खाणे असते. म्हणून आंधळा मासा कंपाकडे जातो. नदीत राहिलेले त्याचेच डोळस भाऊबंद त्याच कंपापासून पळतात, कारण तेथे थरथरणारी वस्तू शत्रूही असू शकते. एकच जात, एकच कंप, आणि दोन उलट उत्तरे. तुझी शेवटची सहा वर्षे एवढ्यावर खर्च झाली, आणि ते मला तुझ्या विद्यार्थिनीकडून दूरध्वनीवर कळावे लागले.

चकती मी काल काढली. साडेपाचला मोटर सुरू केली. पहिल्या मिनिटात दहा मासे आले. गिरीराज यांनी आकडा लिहिला आणि यावेळी माझ्याकडे पाहिले. पुढे ते बाहेर जाऊन दोन कॉफी घेऊन आले. माझा पेला त्यांनी अर्धाच भरून आणला होता. त्यांनाही माहीत आहे, असे दिसते.

मागील पत्रात 'थोडा वेळ लागला' असे लिहिले होते. दहा मिनिटांच्या कामाला चार तास लागले. चकती सात वेळा हातातून पडली. पत्र टंकलिखित असण्याचे कारणही तेच आहे.

उल्हास

९ मार्च २०२५, रविवार

मनस्विनी,

रक्षिता जेवायला आली होती. तिने सार केले. वाटी माझ्यापुढे न ठेवता तिने पेल्यात ओतून दिले, दोन्ही हातांनी धरता येईल असे. त्याविषयी ती काही बोलली नाही. निघताना मात्र म्हणाली, "मामा, आत्त्या त्या दिवसाबद्दल फार बोलायची. तुमच्याशी बोलली का?"

नाही, असे मी सांगितले. ते खरे नाही. तू दोन वेळा प्रयत्न केलास आणि मी दोन्ही वेळा वर्तमानपत्र उघडले.

तो दिवस येथे लिहून ठेवतो. गेल्या जुलैचा पहिला रविवार. ताटावर रक्षिता, अद्वैत, तू आणि मी. मी साराची वाटी उचलली आणि ती माझ्या हातात हलू लागली. अर्धे सार कापडावर सांडले. वर्षभर मी उजवा हात खिशात ठेवून, अर्धे कप पिऊन, सह्या सकाळी लवकर उरकून ती गोष्ट झाकली होती. डॉक्टरांनी सांगितले होते की हा कंप जिवाला अपाय करणारा नाही आणि जाणाराही नाही. तेही मी तुला सांगितले नव्हते.

तू फडके आणलेस आणि हसत म्हणालीस, "असू दे गं. उल्हासराव सेकंदाला आठ वेळा हलतात, मी मोजलंय. माझ्या टाकीत हात घातला तर मासे रांग लावतील."

सगळे हसले. अद्वैतही हसला, ज्याने आमच्या घरात तोपर्यंत मोठ्याने श्वासही घेतला नव्हता. मी उठलो.

नंतर खोलीत तू म्हणालीस, मी थट्टा करत नाही, खरंच एकदा या, हात घाला पाण्यात. मी म्हणालो, "मी तुझ्या प्रयोगातला नमुना नाही." तू कन्नडमध्ये एवढेच म्हणालीस, "सरी," म्हणजे ठीक आहे. त्यानंतर मी साडेपाचला येणे बंद केले. रोजचे बारा मिनिटांचे चालणे. तू आठव्या क्रॉस रस्त्यावरून फुले घेऊन एकटी येऊ लागलीस. आपण भांडलो नाही. बिले भरली, दिवाळीला कोरमंगलाला गेलो, एकमेकांच्या औषधांची आठवण ठेवली.

९ जानेवारीस तू त्या खोलीत साडेपाचच्या सुमारास केव्हातरी पडलीस. गिरीराज विसरलेला डबा घ्यायला परतले तेव्हा पावणेसात झाले होते. एक तास आधी कोणी तेथे असते तर फरक पडला असता का, असे मी हृदयरोगतज्ज्ञांना विचारले. ते म्हणाले, सांगता येणार नाही. मी तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारला. उत्तर बदलले नाही.

आज एक जुनी गोष्टही आठवली. आपला बघण्याचा कार्यक्रम. तुझे वडील म्हणाले, मुलगा पुण्याचा आहे, त्याला आपले गाव दाखवून आण. तू मला सँकी टँकवर नेलेस आणि काठाशी बसून पाण्यावर चालणारे किडे दाखवलेस. केसांतली पिन काढून तिचे टोक पाण्याला टेकवलेस आणि बोटाने हलकेच हलवलेस. लाटांची बारीक वर्तुळे निघाली. दोन किडे थांबले, वळले आणि पिनेकडे सरकले. तू म्हणालीस, "बघा. पाण्यात काही पडलं म्हणून बघायला येतात." मी विचारले होते की याचा उपयोग काय. तू म्हणालीस, "स्वल्प थांबा. सगळ्याचा असतो." मी त्या कन्नड स्वल्पचा अर्थ घरी जाऊन विचारला: थोडे.

हे लिहून झाल्यावर वही उघडली.

उल्हास

२१ मार्च २०२५, शुक्रवार

मनस्विनी,

मुग्धा मासे नेण्यास तयार आहे. तिच्या विद्यापीठाने परवानगी दिली. शनिवार, २९ तारखेस ती गाडी घेऊन येईल; दुसऱ्या दिवशी उगादी, म्हणजे आपला पाडवा, असल्याने ती त्याच दिवशी रात्रीच्या गाडीने नागपूरला जाणार आहे. तिची एकच अट आहे. माशांसोबत वहीही हवी. नोंदीशिवाय ते मासे कोणालाही उपयोगाचे नाहीत.

अट रास्त आहे. अडचण माझी आहे.

तुझे तक्ते इंग्रजीत आहेत आणि समासातली टिपणे मराठीत. ११ जुलैच्या पानावर, कांडीच्या नोंदींखाली, तू पट्टीने एक ओळ आखली आहेस. स्रोत: 'हात (उ.)'. कंप: 'सेकंदाला ८'. पुढचा रकाना, किती मासे आले याचा, रिकामा. समासात लिहिले आहेस: 'चूक माझी. ताटावर बोलायची गोष्ट नव्हती. टाकीपाशी सांगायला हवी होती. थांबणे.'

पुढच्या गुरुवारी पुन्हा तीच ओळ. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. समासात काही नाही, केवळ आखलेली ओळ, 'हात (उ.)' आणि रिकामा रकाना. मी मोजल्या. सत्तावीस आहेत. शेवटची ९ जानेवारीची. त्या पानावर इतर कोणतीही नोंद नाही. म्हणजे त्या दिवशी तू आरंभीच ती ओळ आखून ठेवली होतीस.

मुग्धा ही वही वाचेल. तिचे विद्यार्थी वाचतील. उ. कोण, हे विचारतील. मी कारखान्यातून निवृत्त होताना माझ्या स्थिर हाताचा उल्लेख भाषणात झाला होता. काल मी ब्लेड घेऊन बसलो. केवळ त्या सत्तावीस ओळी काढायच्या, बाकी पानास धक्का लावायचा नाही, असा विचार होता. ब्लेड ओळीवर ठरेना. वरच्या ओळीत तुझे आकडे, खालच्या ओळीत तुझे आकडे. मी ते कापले असते. ब्लेड कागदात गुंडाळून ठेवले.

आज गिरीराज यांना विचारले, "मॅडम साडेपाचला दाराकडे पाहत असत का?"

ते टाकीची काच पुसत होते. पुसणे थांबवले नाही. "साडेपाचला मॅडम मोजायच्या सर. दाराकडे बघायला वेळ कुठे."

मी बरे म्हणालो.

"पण खुर्ची ओढायच्या."

"कोणती?"

त्यांनी भिंतीशी ठेवलेल्या दुसऱ्या खुर्चीकडे फडके दाखवले. "ती. गुरुवारी पाच वाजले की मला म्हणायच्या, गिरीराज, ती खुर्ची टाकीजवळ ओढा आणि घरी जा. सकाळी मी आलो की परत भिंतीला लावलेली असायची."

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी ती टाकीजवळच होती सर. मी आलो तेव्हा."

तू मला नमुना करू पाहत होतीस की बोलावत होतीस, हे मला समजून घ्यायचे आहे. तुला विचारता येत नाही. आणि कोणत्याही तक्त्यात रिकामा रकाना ठेवून तो पुढे पाठवणे मला आयुष्यात जमलेले नाही. पुढचा गुरुवार २७ तारखेस आहे. त्यानंतर गुरुवार उरत नाही.

उल्हास

२९ मार्च २०२५, शनिवार

मनस्विनी,

हे पत्र हाताने लिहितो आहे. अक्षराबद्दल क्षमा मागत नाही.

गुरुवारी पाच वाजता मी स्वतः ती खुर्ची टाकीजवळ ओढली. गिरीराज घरी गेले नाहीत. साक्षीदार लागतो, असे मीच त्यांना सांगितले. खिडक्यांवर तू लावलेला काळा कागद तसाच आहे. दिवा मंद केला. पंप बंद केले. पाणी स्थिर होण्यासाठी तुझ्या नियमाप्रमाणे वीस मिनिटे थांबलो.

प्रथम मोटर सुरू न करता कांडी पाण्यात टांगली. एक मासा जवळून गेला. नंतर मोटर सुरू केली. दहा आले. पुन्हा वीस मिनिटे थांबलो. मग मी उजव्या हाताची बाही वर केली आणि तर्जनी दोन पेरांपर्यंत पाण्यात घातली.

हात हलू नये म्हणून मी प्रयत्न करत होतो. सवय. मनगट टाकीच्या काठावर दाबून धरले होते. काहीही घडले नाही. मासे भिंतीच्या कडेने फेऱ्या घालत राहिले.

"सर," गिरीराज हळूच म्हणाले, "धरून ठेवू नका. सोडा."

मी मनगट उचलले आणि हात सोडला. तो हलू लागला, जसा साराच्या वाटीला हलला होता, जसा तेराव्याला पाणी सोडताना हलला होता. बोटाभोवती पाण्यावर बारीक सुरकुत्या उमटल्या आणि काचेकडे गेल्या.

"स्वल्प थांबा," ते म्हणाले.

पहिला मासा वळला तो मला दिसला. फिकट गुलाबी, डोळ्याच्या जागी नुसती कातडी. तो सरळ आला नाही. थोडा बाजूने आला, अंगाची कड माझ्याकडे करून, जणू तो कानाने ऐकत होता आणि कान सबंध अंगभर होता. बोटापासून अर्ध्या इंचावर थांबला. मग दुसरा आला. मग एकदम तीन. एकाने बोटाला तोंड लावले; ते चावणे नव्हते, केवळ चौकशी होती. मिनिट पूर्ण झाल्याचे गिरीराज यांनी सांगितले. एक बोट अंतराच्या आत आलेले तेवढेच मोजले. सात.

कांडीपेक्षा तीन कमी, आणि ते तुझ्या शास्त्राशी जुळते. त्यांना पस्तीस आवडतात, मी आठच देऊ शकतो. मिनिट संपले तरी मी हात काढला नाही. ती वेळ नोंदीत नाही.

नंतर तोच हात डोळस टाकीत घातला. सर्व बारा मासे पलीकडच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून उभे राहिले. शून्य. त्याविषयी अधिक लिहीत नाही.

नोंदीचा प्रश्न उरला. २७ मार्चचा आकडा ९ जानेवारीच्या ओळीत लिहिणे हे खोटे झाले असते. म्हणून तुझ्या सत्तावीस रिकाम्या रकान्यांत मी एकेक करून 'उ. अनुपस्थित' असे लिहिले. जे घडले ते तेच होते. त्याला दीड तास लागला. त्याखाली पट्टीने नवी ओळ आखली. रेघ सरळ आली नाही. तारीख, स्रोत: 'हात (उ.)', कंप: ८, मासे: ७. निरीक्षक म्हणून गिरीराज यांनी सही केली. समासात मी काही लिहिले नाही. तुझ्या टिपणानंतर लिहिण्यासारखे तेथे काही नव्हते.

आज मुग्धा दोन वाजता आली. मासे प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत, पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यांत. मोटर मी जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून दिली आणि तिला बजावले की तिचा तोल कोणी सुधारू नये. तिने माझ्यासमोर वही उघडली, शेवटच्या पानापर्यंत गेली आणि बराच वेळ तेथेच राहिली. मग विचारले, "काका, उ. म्हणजे तुम्हीच न?"

"होय," मी म्हणालो. "पुढील नोंदींसाठी आवश्यकता भासल्यास मी गुरुवारी उपलब्ध आहे."

तिने माझा उजवा हात दोन्ही हातांत धरला. मी तो काढून घेतला नाही.

गाडी गेल्यावर गिरीराज यांनी टाक्या पुसून उलट्या ठेवल्या. दारामागचा तुझा कागद त्यांनी घरी नेण्यासाठी मागून घेतला. दुसरी खुर्ची मी भिंतीला लावली. दिवा बंद केला. दार ओढून कुलूप लावले आणि दोन वेळा हिसका देऊन पाहिले. सव्वापाच वाजता दोन्ही किल्ल्या, एक दाराची व एक कपाटाची, कार्यालयात परत केल्या आणि नोंदवहीत उजव्या हाताने सही केली.